ओळख न दाखवणारा जावई

"मॅडम, मला एवढंच सांगा, हा मुलगा माजोरडा आहे की वेडा? माजोरडा असेल तर सोयरीक मोडतो. वेडा असेल तरी मोडतो. पण मला कळलं पाहिजे."

काका खुर्चीत बसायला तयार नव्हते. एका हातात पिशवी, दुसरा हात टेबलावर. आवाज असा, की खाली गणपतीच्या कारखान्यात पॉलिश पेपर मारणारी माणसं थांबून वर बघत असणार. मला माझ्या खोलीत कुणी आवाज चढवलेला चालत नाही. मी म्हटलं, "आधी बसा. मग मोडायचं ते मोडा."

बसले. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि एकदम निराळ्याच सुरात म्हणाले, "तुम्ही नागोठण्याला चढायचात ना? पेणला कॉलेजला. दोन वेण्या. कायम खिडकी धरून बसायचात."

मी गार पडले. हे काका म्हणजे रोहा डेपोचे रिटायर्ड कंडक्टर, दत्ताराम. त्यांच्या गाडीतून मी प्रवास केला असेन, पण त्याला आता तीस वर्षं होत आली. वेण्या गेल्या, चष्मा आला, वजनाचं तर बोलायलाच नको. तरी या माणसानं मला ओळखलं. "एकदा तोंड बघितलं की विसरत नाही मी," ते म्हणाले. "पासवाला कोण, फुकट्या कोण, सगळे पाठ." त्यात बढाई नव्हती. माणूस आपल्या बुटाचा नंबर सांगतो तसं सांगत होते.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे गोळ्या लिहून देणारी डॉक्टर नव्हे. मी लोकांशी बोलते, चाचण्या घेते, मन आणि मेंदू कुठं अडतोय ते शोधते. पेणला माझी एक खोली आहे, बुधवारी रोह्याला बसते. माझ्याकडे झोप न येणारे येतात, परीक्षेला घाबरणारे येतात, शिफ्ट ड्युटीनं चिडचिडे झालेले येतात. होणाऱ्या जावयाला घेऊन आलेले सासरे मात्र पहिल्यांदाच बघत होते.

जावई बाहेर बाकावर बसला होता. नरेश. खाडीकाठच्या गावातला. डोलवीच्या प्लान्टमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडे क्रेन सिग्नलमन. म्हणजे वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला खालून हातानं आणि वॉकीटॉकीवर इशारे करायचे, की माल उचल, थांब, डावीकडे घे. जबाबदारीचं काम. त्याची आई मंदाताई पण आल्या होत्या, खाली कारखान्यात गणपती बघत होत्या. काकांची मुलगी सायली रोह्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन. उन्हाळ्यात साखरपुडा झालेला, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरलेली.

"मग बिघडलं कुठं?" मी विचारलं.

काकांनी सांगितलं ते असं. साखरपुड्यानंतर पेणच्या एसटी स्टँडवर जावई समोरून आला. काकांनी हात वर केला. जावई बाजूनं निघून गेला. म्हटलं, घाईत असेल. मग एका हळदीला भेट झाली, तिथं शेजारी बसून जेवला आणि मग विचारतो, "तुम्ही कुठले?" चारचौघांत! आपल्याकडे सासऱ्याच्या पाया पडायचं राहिलं तरी वर्षभर चर्चा होते, इथं तर हा गाव विचारत होता. तेही काकांनी गिळलं. पण गेल्या आठवड्यात रोह्याच्या बाजारात सायली समोर उभी. ही त्याला बघून हसली. यानं तिच्याकडे बघितलं, अगदी सरळ बघितलं, आणि पुढं गेला.

"पोरगी घरी येऊन जेवली नाही," काका म्हणाले. "म्हणते, बाबा, त्यांना मी नकोय. घरच्यांनी गळ्यात बांधलीय. मॅडम, आम्ही काय पोरगी ओझं झालीय म्हणून देत नाही. रविवारी बैठकीला माणसं बोलावलीयत. त्या दिवशी एक घाव दोन तुकडे. मध्यस्थ म्हणाला, आधी एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवा, म्हणून आलो."

मी काकांना चहाला पाठवलं आणि नरेशला आत घेतलं.

पोरगा देखणा, अंगानं सडपातळ. खाली मान घालून बसला. विचारलं त्याचं उत्तर द्यायचा, त्यापुढं एक शब्द नाही. कामावर त्रास? नाय. झोप? येते. दारू? नाय. दुसरी कुणी मुलगी?

तेव्हा मात्र मान वर आली. "नाय मॅडम! आयशप्पत नाय. मना सायलीच पायजे. रोज रात्री आम्ही फोनवर बोलतो. तिचा फोन आला का मना बरा वाटतं. आता आठ दिवस ती फोन उचलत नाय." आणि त्याचे डोळे भरून आले.

"मग बाजारात ओळख का दाखवली नाहीस?"

"लक्ष नव्हता."

"ती म्हणते, तू सरळ तिच्याकडे बघितलंस."

परत मान खाली. गावात याला शिष्ट म्हणतात हे मला काकांनी सांगितलंच होतं. रस्त्यानं जाताना कुणाकडे बघत नाही, लग्नकार्यात कोपरा धरून बसतो. माझ्या डोक्यात एक निदान तयार होऊ लागलं. सोशल अँग्झायटी, म्हणजे चार माणसांत गेलं की भीतीनं आत आत आक्रसून जाणं. असे तरुण माझ्याकडे बरेच येतात. सगळं जुळत होतं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. भित्रा माणूस नजर चुकवतो. यानं सायलीकडे सरळ बघितलं होतं.

मी त्याला बाहेर बसवलं आणि खाली उतरले. उकडत होतं. पांढरा कोट काढून ठेवला होता, चष्मा पुसायला काढला तो तसाच पर्समध्ये टाकला. केसांचा चाप तुटला होता, म्हणून केस मोकळे. टपरीवर चहा घेतला, काकांना सांगितलं की अजून अर्धा तास लागेल, आणि परत वर आले.

दारात नरेश बाकावरून उठला. अदबीनं सरकून मला जागा दिली. म्हणाला, "बसा ताई. मॅडम जरा बाहेर गेल्यात. येतील इतक्यात."

मी त्याच्याकडे बघत राहिले. थट्टा करतोय का? नाही. चेहरा अगदी साधा, मदत करणाऱ्याचा. दहा मिनिटांपूर्वी माझ्यासमोर रडलेला मुलगा मला नंबर लावायला सांगत होता.

मी म्हटलं, "बरं, बसते."

आवाज ऐकला मात्र, पोरगा पांढरा फटक पडला. "मॅडम... तुम्ही हाव?"

मी सोशल अँग्झायटीवर मनातल्या मनात काट मारली. आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. इतकी वर्षं ज्याबद्दल नुसतं वाचत होते, ते माझ्या बाकावर बसलं होतं.

आत जाऊन मी दार लावलं. "नरेश, आता खरं बोल. तुला माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. हो ना?"

तो म्हणाला, "मना वाटला, मी बावळट हाय. सगळ्यांना जमता, मना जमत नाय. शाळेत मास्तर एका पोराला बोलवायला पाठवायचे, मी दुसऱ्यालाच आणायचो. मार खाल्लाय."

त्याला दिसत सगळं होतं. डोळे उत्तम, नाहीतर क्रेनखाली उभं कोण करेल? मी काही फोटो दाखवले. नाक कसं, भुवया कशा, दाढी आहे का, सगळं बिनचूक सांगितलं. पण तोच माणूस दुसऱ्या फोटोत दाखवला, की "हा नवीन". त्याच्या परवानगीनं त्याच्या भावाकडून घरच्यांचे फोटो मागवले आणि केस, कपडे, कान कापून नुसते चेहरे ठेवले. भाऊ ओळखला नाही. सायली ओळखली नाही. स्वतःच्या आईच्या फोटोकडे बघून म्हणाला, "कुणी मावशी हाय."

मग मी उलटी चाचणी घेतली. त्याला खिडकीशी उभं केलं आणि विचारलं, खालच्या गल्लीत तुझ्या ओळखीचं कोण आहे? काका लांब टपरीपाशी येरझाऱ्या घालत होते, तेव्हा पाठमोरे होते. क्षणात बोट दाखवलं. "ते सायलीचे बाबा. डावा पाय टाकताना खांदा पाडतात." आता मला हसावं की रडावं कळेना. चेहऱ्यानं न ओळखलेला सासरा यानं पाठीवरून ओळखला होता.

"मग स्टँडवर त्यांना कसं नाही ओळखलंस?"

"उभे होते ना, मॅडम. चालत असते तर वळखलं असतं."

याला फेस ब्लाइंडनेस म्हणतात. पुस्तकातलं नाव प्रोसोपॅग्नोसिया, ते विसरलात तरी चालेल. मेंदूच्या खालच्या बाजूला, कानाच्या जरा मागे, चेहरे ओळखायचं काम करणारा एक भाग असतो. पूर्वी समज असा होता, की डोक्याला मार लागला किंवा झटका आला तरच हे बिघडतं. अलीकडच्या संशोधनात लक्षात आलं, की काही माणसं जन्मापासूनच अशी असतात. बुद्धी चांगली, नजर चांगली, फक्त चेहरा मनात ठसत नाही. बऱ्याच जणांना मोठेपणीही कळत नाही, कारण दुसऱ्याला कसं दिसतं हे कुणाला ठाऊक असतं? वाटतं, सगळ्यांचं असंच असेल, आपणच कमी पडतो.

"मग प्लान्टवर कसं निभावतोस?"

"तिथं काय त्रास नाय. हेल्मेटवर नाव असतं. वॉकीटॉकीवर आवाज असतो. सगळ्यांचे कपडे सारखे, म्हणून सगळेच जण एकमेकांना नाव सांगतात." मग जरासा हसून म्हणाला, "आणि पेणमधी आमचा गणपती बरा. सोंडेमुळं कधी चुकत नाय."

पहिल्यांदाच हसला पोरगा. मलाही हसू आवरेना.

हे बऱ्याचदा घराण्यात उतरतं, म्हणून मी मंदाताईंना आत बोलावलं. त्या आल्या त्या माझा हात धरूनच. "कवा आलीस गो? जेवलीस का?" मी त्यांना आयुष्यात कधी भेटले नव्हते. त्यांना समजावून सांगितलं, की नरेशला चेहरे ओळखू येत नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजे?" त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना येतात?"

नरेश आईकडे बघायला लागला.

"मना कुठं येतात?" मंदाताई म्हणाल्या. "बाई समोर आली का मी म्हनते, कवा आलीस गो, घरची बरी हायत ना? मंग ती बोलते. बोलली का कळतं कोन ती. नाय कळलं तरी बिघडलं काय? बरं विचारल्यानं कुनाचं वाईट होतं?"

मी पेन खाली ठेवलं. मध्यस्थ मला फोनवर म्हणाला होता, "आई सोन्यासारखी हो, वाटसरूलाही घरचा समजते. पोरगाच कुणावर गेलाय कोण जाणे." गेला होता आईवरच! दोघांना एकच अडचण. एकीनं ठरवलं, की सगळ्यांशीच प्रेमानं बोलायचं, म्हणजे चुकायला नको. दुसऱ्यानं ठरवलं, की कुणाकडे बघायचंच नाही, म्हणजे चुकायला नको. एकीचं नाव झालं मायाळू, दुसऱ्याचं झालं शिष्ट. मला त्या बाईचं इतकं कौतुक वाटलं, की काय सांगू. साठीला आलेल्या बाईनं, आपल्यात काही कमी आहे हे माहीत नसताना, सबंध गाव जोडून ठेवलं होतं.

आता उरला खरा डोंगर, म्हणजे काका. ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वीची वेणी आठवते, त्याला हे पटवायचं कसं?

नरेशला विचारलं, सांगू का त्यांना? तो म्हणाला, "सांगा. सायलीला पन सांगा. मंग ती नाय म्हनाली तर नाय." शनिवारी सगळ्यांना बोलावलं. काकांना निरोप दिला, साखरपुड्याचा अल्बम घेऊन या.

सायली आली ती बापाच्या मागून, ओठ घट्ट मिटून. नरेशकडे बघितलंही नाही. मी सगळं समजावलं. काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मॅडम, तुमचा मान ठेवून बोलतो. ही बनवाबनवी आहे. समोर माणूस दिसतोय आणि ओळखत नाही, असं कुठं असतं?"

"असतं. तुम्ही एका टोकाला आहात, हा दुसऱ्या टोकाला. तुमच्यासारखी माणसंही फार थोडी असतात, काका. एकदा बघितलेला चेहरा वर्षानुवर्षं न विसरणारी. त्यांच्यावरही अभ्यास झालाय. आम्ही सगळे मध्ये कुठंतरी."

काकांना ते आवडलं, पण पटलं नाही. मग मी अल्बम घेतला. त्यातले गर्दीचे फोटो निवडले, कपडे आणि केस झाकतील असे कागद वर धरले, नुसते चेहरे उघडे ठेवले. आणि अल्बम उलटा फिरवला. डोकी खाली, हनुवट्या वर.

"तुमचीच माणसं आहेत. नावं सांगा."

काका हसले. "हात्तिच्या!" म्हणून पुढं वाकले. मग हसू कमी झालं. "हा... थांबा. मिशी आहे. म्हणजे आमचा बाळू." बाळू नव्हता, सायलीचे मामा होते. "ही सुमन." सुमन नव्हती. पुढचा चेहरा त्यांनी फार वेळ बघितला. कपाळावर घाम आला. नाक बघितलं, कान शोधला, कान झाकलेला. शेवटी म्हणाले, "नाही सांगता येत."

मी अल्बम सरळ केला. तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

"चेहरा आपण अख्खा वाचतो, काका. तुकडे जोडत नाही. उलटा केला की ते अख्खं वाचणं बंद पडतं, मग आपण मिशी शोधतो, कान शोधतो. तुमच्यासारख्याचीही दमछाक होते. नरेशचं अगदी तंतोतंत असंच होतं असं नाही, पण जवळपास. आणि तो अल्बम कधी सरळ होत नाही. रोज, स्टँडवर, हळदीत, बाजारात, तो असा मिशी शोधत हिंडतो."

काका अल्बमकडे बघत राहिले. मग नरेशकडे बघितलं. या वेळी नजरेत राग नव्हता. "लहानपणापासून?" त्यांनी विचारलं.

"व्हय बाबा."

"औषध?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. युक्त्या आहेत, औषध नाही. आणि लपवायचं नाही, ही सगळ्यात मोठी युक्ती."

"उद्या पोरंबाळं झाली, त्यांना?"

"होऊ शकतं. खोटं सांगणार नाही."

एवढा वेळ गप्प बसलेली सायली तेव्हा बोलली. बापाशी नाही, माझ्याशी नाही, थेट नरेशशी. "मला कशावरून ओळखता?"

नरेशनं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "चालताना तू उजव्या हातात ओढणीचं टोक धरतेस. चप्पल बदलली तरी पावलाचा आवाज तोच, पयलं हलकं, दुसरं जड. बोलायच्या आधी बारीक श्वास घेतेस. हसायला लागलीस का आधी नाकातनं आवाज येतो, मंग हसतेस. त्या दिवशी बाजारात तू ड्रेसवर ओढणी घेतली नव्हतीस. उभी होतीस. नुसती हसलीस, आवाज नाय केलास. एक हाक मारली असतीस ना, सायली."

काका पुटपुटले, "ओढणी धरते? माझ्या कधी लक्षात नाही आलं."

सायलीनं ओढणीचं टोक उजव्या हातात धरलेलंच होतं. तिनं ते बघितलं, आणि नाकातून बारीक आवाज आला. मग ती हसली, आणि हसता हसता रडली. डोळे पुसून बापाला म्हणाली, "बाबा, रविवारी माणसं बोलावलीयत ना? त्यांना सांगा, मंडपाचं बोलायला बसायचंय. आणि पोरं अशी झाली तर होऊ देत. आईंसारखं सगळ्यांशी गोड बोलायला शिकवीन."

मंदाताईंनी लगेच तिचा हात धरला. "जेवलीस का गो?"

लग्नाला मी गेले. मंडप तुडुंब. पार्लरवाल्या बाईनं सायलीचं असं काही केलं होतं, की मलाच ती पटकन ओळखू आली नाही. केस वेगळे, भुवया वेगळ्या, शालू, मुंडावळ्या, हातात ओढणी नाही. मला धाकधूक. अंतरपाटापलीकडे नरेश हार धरून उभा. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला, वाजंत्री सुरू व्हायच्या आधी जेमतेम एक क्षण मिळाला. नरेशच्या समोर एक नटलेली अनोळखी बाई. हार हातातच. आणि त्या क्षणात सायली म्हणाली, "मीच आहे हो. घाला."

हार गळ्यात पडला. पुढच्या रांगेतल्या बायका खुसुखुसु हसल्या. त्यांना वाटलं, पोरगी भारी आगाऊ.

खरं बघण्यासारखं पुढं होतं. आहेर द्यायला रांग लागली आणि काका स्टेजवर चढले. नवऱ्यामुलाच्या मागे, खांद्याशी उभे राहिले. सासरा असा उभा राहत नाही, म्हणून लोक बघायला लागले. काकांनी पर्वा केली नाही. रांगेतला एकेक माणूस पायरी चढायच्या आत ते नरेशच्या कानात सांगत होते, गाडीत स्टॉप सांगावेत तसे. "नागोठण्याचे मामा. मागून त्यांची सून. कोलाडचे भाऊजी, कानाला कमी ऐकू येतं. हे तुझ्याच गावातले, टोपी घालून आलेत म्हणून वेगळे दिसतायत." मुलाकडची माणसंही त्यांना पाठ झाली होती, एका साखरपुड्यात बघून. आणि शिष्ट म्हणून नाव पडलेला नरेश प्रत्येकाला नात्यानं हाक मारत होता, वाकून पाया पडत होता, घरच्यांची विचारपूस करत होता. मी इतकी वर्षं युक्त्या शिकवतेय, कागदावर तक्ते काढून देतेय. अशी युक्ती मला कधी सुचली नसती. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत.

माझा नंबर आला. साडी नेसले होते, केस मोकळे, चष्मा नाही. काका वाकून म्हणाले, "मॅडम आल्या."

"कळलं बाबा," नरेश म्हणाला. "चप्पल ओढत चालतात त्या."

खाली उतरले तर मंदाताई समोर. दोन्ही हात पसरून आल्या, मला कवेत घेतलं. "कवा आलीस गो? जेवलीस का?" माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला ओळखलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. पण आग्रहानं दोन जिलब्या जास्त वाढल्या.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. कुणीही भेटलं, कितीही जुनी ओळख असली, तरी आधी स्वतःचं नाव सांगते. लोक म्हणतात, मॅडम, आम्ही काय तुम्हाला ओळखत नाही? मी म्हणते, असू दे. सांगायला काय जातं?